मासं धरायची दोरी

गंगावेशीत कृष्णात सुताराचं दुकान आहे, दीड दाराचं. तिथं गिटार घेऊन गेलात तर तो आधी तुमच्याकडं बघणारच नाही. गिटार मांडीवर आडवी घेईल, पहिल्या तारेवरनं अंगठ्याचं नख फिरवील, पोटात हातभर काठीला बांधलेला आरसा घालून आत डोकावेल आणि मग विचारेल, "हिला पयल्या तारा कसल्या हुत्या?"

"असतील की गिटारच्याच," असं म्हणालात तर मेलात. "गिटारच्या म्हंजे कसल्या, पावणं? बायकोला साडी घेताना सुती का रेशमी इचारताय न्हवं? मग हितं का तोंडाला कुलूप?" गिऱ्हाईक वरमतं. नवखं असलं तर तडकतं आणि गिटार उचलून चालायला लागतं. कृष्णातला त्याचं काही वाटत नाही. विचारल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही म्हणजे नाही. ही सवय त्याला लागायला दहा वर्षं गेली, आणि ती दहा वर्षं काही सुखाची नव्हती.

कृष्णात मूळचा गडहिंग्लजकडचा. बाप गाड्या, औतं करायचा. ह्याचा हात नाजूक कामाला बरा म्हणून अठराव्या वर्षी मिरजेला तंबोऱ्याच्या कारखान्यात गेला आणि नऊ वर्षं तिथंच घासला. भोपळा कापणं, दांडी बसवणं, तबली म्हणजे वरची पातळ फळी तासणं, सगळं शिकला. पण नाव झालं ते जवारीत. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवरनं जातात, तिचा माथा कानशीनं असा अलगद घासायचा, की तार त्यावर टेकते न टेकते. मग सूर नुसता वाजत नाही, मागं भुंगा लागल्यासारखा गुणगुणत राहतो. ती जवारी. कृष्णातनं जवारी काढलेला तंबोरा गवई लोक बसल्या जागी ओळखायचे. एकोणनव्वद साली त्यानं कोल्हापुरात दुकान टाकलं तेव्हा पाटीवर 'मिरजेत शिकलेले' एवढं लिहिलं, आणि तेवढं पुरेसं होतं.

गिटारशी त्याचा संबंध आला तो अतुलमुळं. अतुल राजारामपुरीतला, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा, तोंडाचा भलता फटकळ. एक्क्याण्णव साली तो दांडी वाकलेली गिटार घेऊन आला. कृष्णातनं दांडी सरळ केली. मग वाजवून बघितली, तर सूर निघून लगेच गप. त्याला त्या वाद्याची दयाच आली. इतकं चांगलं लाकूड आणि मुकं? मायेनं त्यानं घोडीवरच्या हाडाच्या पट्टीला कानस लावली आणि वरची मजुरी न घेता चक्क जवारी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी अतुल दारात. "मिस्त्री, गिटारीत गांधीलमाशी कोंडलीया काय?"

"बोलाय लागली की आता."

"हिनं बोलायचं नसतंय! सहा तारा एका दमात छेडायच्या असत्यात. समद्या झणझणल्या तर मी गाणं वाजवू का माश्या हाणू?"

तंबोऱ्याचा जो जीव, तो गिटारचा आजार, हे कृष्णातला त्या दिवशी कळलं. त्यानं हाडाची नवी पट्टी घासून बसवली. मुकाट्यानं, पण मनातनं त्याला ते पटलं नाहीच.

मग एका बँकेतले साहेब हवाईयन गिटार घेऊन यायला लागले. ती तर मांडीवर पालथ्या परातीसारखी आडवी ठेवायची. तारा दांडीपासून अर्धा इंच उंच, बोटानं दाबायच्याच नाहीत. डाव्या हातात पोलादाची कांडी धरायची आणि ती तारांवरनं घसरवत न्यायची. सूर कसा, तर लांबवत लांबवत रडका. कृष्णातला ती आवडली, मींडेच्या जवळची वाटली. अतुलच्या गिटारच्या तारा दांडीला बिलगून, हिच्या अधांतरी. एक छातीशी धरायची, एक मांडीवर निजवायची. पण तार? तार दोन्हीकडं पोलादाची. ह्यावरनं कृष्णातनं ठरवून टाकलं, गिटार कसली का असेना, तार पोलादाची. गिटार आपल्याला कळली, असं त्याला वाटलं आणि तिथंच घात झाला.

चौऱ्याण्णवच्या मार्चमध्ये बाळासो कांबळे दुकानात आला. बाळासो एसटीत कंडक्टर, बरीच वर्षं पणजीच्या गाडीवर. गाडी म्हापशात थांबली की तो पेद्रू नावाच्या म्हाताऱ्याच्या हॉटेलात जेवायचा. जेवता जेवता दोघांची अशी गट्टी जमली होती, की बाळासो चंदगडचे काजू न्यायचा आणि पेद्रू त्याला मासे बांधून द्यायचा. पेद्रू गिटार वाजवायचा. बाळासोची थोरली निशा, सोळा वर्षांची, शाळेत पेटी बडवते आणि गिटार शिकायचं म्हणते, एवढं कधीतरी बोलण्यात आलं. पुढच्या फेरीला पेद्रूनं आपली स्वतःची गिटार कापडात गुंडाळून बसमध्ये आणून ठेवली. म्हणाला, आता माझी बोटं वळत नाहीत, पोरीला दे. पोरगी वर्षभर त्यावर शिकली. चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर ती एकटी वाजवणार होती. वस्तीतल्या कुठल्या मुलीनं असलं काही केलेलं नव्हतं. आणि ऐन वेळी दोन तारा तुटल्या होत्या.

कृष्णातनं गिटार हातात घेतली आणि त्याला हसू फुटलं. खालच्या तीन तारा चक्क पांढऱ्या, गुळगुळीत.

"कंडक्टर, तुमच्या गोयेकरानं मासं धरायची दोरी बांधलीया की हिला!"

बाळासो पण हसला. "त्येच्या घरात दुसरं काय सापडणार?"

आता कृष्णात काही आंधळा नव्हता. गिटार टोपलीसारखी हलकी आहे, हे त्याच्या हाताला कळलं. दांडी अतुलच्या गिटारपेक्षा रुंद आणि सपाट होती. खुंट्यांचे रूळ जाड आणि प्लास्टिकचे होते. तारा घोडीत खिळ्यांनी अडकवलेल्या नव्हत्या, गाठ मारून बांधल्या होत्या. हे सगळं त्यानं बघितलं आणि कुणाला विचारलं काही नाही. उरलेल्या चारही तारा कापून कचऱ्यात टाकल्या, पोलादाच्या सहा नव्याकोऱ्या तारा चढवल्या आणि सुरात लावल्या. आवाज दुप्पट झाला. बाळासो खूष. "पोरगीची जयंती हाय, माझ्याकडनं भेट," म्हणून कृष्णातनं पैसे पण घेतले नाहीत.

चौदा एप्रिलला संध्याकाळी तो स्वतः ऐकायला गेला. वस्तीभर निळे झेंडे, विहारापुढं स्टेज, उन्हानं तापलेले पत्रे. निशा पांढरी साडी नेसून खुर्चीत बसली आणि वाजवायला लागली. चांगलं वाजवत होती. निम्मं गाणं झालं असेल, तेवढ्यात माइकमधनं बंदुकीसारखा आवाज झाला. घोडी मुळासकट उखडून सहा तारांसकट उडाली आणि पोरीच्या हनुवटीवर बसली. साडीवर रक्त. पुढच्या रांगेतली पोरं आधी हसली, मग रक्त बघून गप झाली. निशा उठून आत गेली. पुढं दहा वर्षं तिनं गिटारला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी बाळासोनं गिटार दुकानात आणली. तबली फुगून चिरली होती. कृष्णातनं निरखून बघितलं आणि अगदी मनापासून निदान केलं, "लाकडातच दम न्हाय, कंडक्टर. सरस वाळून गेलेला. कुजकं वाद्य दिलंय तुम्हाला."

त्याला खरंच तसं वाटत होतं. खोटं बोलला असता तर निदान लक्षात तरी राहिलं असतं.

बाळासो त्या शब्दावर पुढच्याच फेरीला म्हापशात जाऊन पेद्रूशी भांडला. परत आला तो धुमसतच. "माझ्या पोरीच्या तोंडावर व्रण राहिला. आता त्या हॉटेलची पायरी चढलो तर बघा." डेपोतल्या साहेबांच्या मागं लागून त्यानं गाडीसुद्धा बदलून घेतली, शाहूवाडीकडची. गिटार माळ्यावर गेली.

मधली वर्षं ऑर्केस्ट्राची होती. गल्लोगल्ली कार्यक्रम. अतुलनं इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि कृष्णातला दाखवायला आणली. कृष्णातनं ती उलटी केली, पालथी केली. भरीव फळी. पोटच नाही.

"आवाज कुठनं येतोय हिचा?"

"वायरीतनं. तारंखाली लोहचुंबक हाय. तार हालली की त्येला कळतंय, त्यो डब्याला सांगतोय. वीज गेली की ही नुसती फळी."

पुढं बेस गिटार आली. लांब दांडी, चारच तारा, सुतळीएवढ्या जाड. ती ऐकू कमी यायची आणि पोटात जास्त घुमायची. अतुल म्हणायचा, लोकांना वाटतंय ही काय करत न्हाय, पण ही बंद पडली की ऑर्केस्ट्रा बसला. कृष्णात हे सगळं शिकत गेला, वायरी जोडायला, कथलाचा डाग द्यायला, दांडीतली पोलादी सळई पान्यानं फिरवायला. कोल्हापुरात गिटारचा मिस्त्री म्हणजे कृष्णात, असं झालं. आणि त्याच्याकडं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक कोण पाठवायचं? बाळासो. एसटीत कुणाच्या खांद्यावर गिटार दिसली की तिकीट फाडता फाडता सांगायचा, "आमच्या मिस्त्रीकडं जावा, मिरजंत शिकल्याला माणूस हाय."

अठ्ठ्याण्णव साली अतुल पुण्याहून नवी गिटार घेऊन आला. कृष्णातनं ती मांडीवर घेतली आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हलकी. रुंद दांडी. गाठी मारलेल्या तारा. खालच्या तीन पांढऱ्या.

"अतुल, हिला बी मासं धरायची दोरी?"

अतुल पोट धरून हसला. "नायलॉन हाय ते, मिस्त्री. क्लासिकल म्हणत्यात हिला. स्पेनकडची मूळची. बोटाच्या नखानं वाजवायची, मऊ आवाज. वरच्या तीन बी आतनं नायलॉनच, नुसती बारीक तार गुंडाळलीया."

"आणि पोलादाच्या घातल्या तर?"

"घालताय काय कुणाच्या? पोलादाची वढ जवळजवळ दुप्पट असतीया. माझ्या जुन्या गिटारीला आत जाड पट्ट्या हायत, दांडीत सळई हाय, तार घोडीतनं खाली जाऊन खिळ्यानं अडकतीया. हिला यातलं काय न्हाय. घोडी नुसती सरसावर चिकटवलीया. पोलादी तार लावली तर महिना न्हाय काढायची. घोडी उडंल कुणाच्या तरी तोंडावर."

कृष्णातनं आरसा आत घालून बघितलं. पट्ट्या आगपेटीच्या काडीएवढ्या बारीक. सुताराला आणखी काय सांगायचं? अतुल गेल्यावर त्यानं दुकान अर्धं लावून घेतलं. पेद्रूची गिटार कुजकी नव्हती. वर्षानुवर्षं त्या दोरीवर ती गुण्यागोविंदानं वाजत होती. तिला मारली ती आपण, आणि वर तिच्या धन्याला लबाड ठरवलं.

घरी बायकोला, आक्काताईला, त्यानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. "मग जावा की, सांगून या," ती म्हणाली.

"जातो."

गेला नाही. लाज वाटली, हे तर खरंच. पण नुसती लाज नव्हती. बाळासो भेटला की इतक्या विश्वासानं बोलायचा, की कृष्णात भलतंच काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचा. दिवाळीत त्याच्याकडनं काजूची पिशवी यायची. त्यातला एकही काजू कृष्णात तोंडात टाकायचा नाही. आक्काताई पोरांना वाटून टाकायची आणि दरवेळी एकच प्रश्न, "सांगितलं?" शेवटी शेवटी तिनं काजू वाटायचे आणि विचारायचं पण सोडलं, आलेली पिशवी तशीच फळीवर ठेवून द्यायला लागली. त्याचं त्याला जास्तच लागलं.

अशी सहा वर्षं गेली. दोन हजार चार साली बाळासो रिटायर झाला. घर पाडून स्लॅब टाकायचा म्हणून माळा रिकामा केला आणि गिटार घेऊन दुकानात आला. सोबत निशा. ती आता कागलला शाळेत शिकवत होती. हनुवटीवर बारीक पांढरी रेघ.

"चुलीत घालणार हुतो," बाळासो म्हणाला. "म्हटलं, फळी तरी तुमच्या उपयोगाला येईल."

"फळी न्हाय, गिटार म्हणूनच ठेवून जावा," कृष्णात म्हणाला. "महिन्यानं दोघंबी या."

महिनाभर त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. चीर भरली, आतनं बारीक पट्ट्या नव्यानं लावल्या, सरस तापवून घोडी बसवली. अतुलकडनं पुण्याच्या नायलॉनच्या तारा मागवल्या. रोज थोड्या थोड्या चढवत सुराला आणल्या. लाकूड उत्तम होतं. मिरजेत असलं लाकूड आलं असतं तर मालकानं कुलपात ठेवलं असतं.

दोघं आली. कृष्णातनं गिटार निशाच्या हातात दिली आणि ती सूर बघते न बघते तोवर बोलून टाकलं. थांबला असता तर पुन्हा सहा वर्षं गेली असती.

"कंडक्टर, ही कुजकी नव्हती. हिला हीच दोरी लागतीया. पोलादाच्या तारा मी घातल्या. मला ठावं नव्हतं, पण मी इचारलं बी न्हाय. तुमच्या पोरीच्या तोंडावर घोडी उडाली ती माझ्यामुळं. आणि हे मला सहा वर्सं झाली कळून. सांगायचं धाडस झालं न्हाय."

निशानं बापाकडं बघितलं. बाळासो स्टुलावर बसला. शिव्या देईल, अंगावर येईल, पाटी फोडील, कृष्णात सगळ्याला तयार होता. बाळासो हळूच म्हणाला, "त्यानं सांगितलंवतं मला."

"कुणी?"

"पेद्रूनं. भांडाय गेलतो तवाच. गिटार न बघताच म्हणाला, बाळासो, तिला स्टीलच्या तारा घातल्या काय कुणी? मी म्हणालो, आमच्या मिस्त्रीला शिकवू नगंस. मिरजंत शिकलाय त्यो. त्येचा हात चुकत न्हाय. तूच लबाड हायस." बाळासोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "चार लोक जेवत हुते हॉटेलात. त्यांच्यासमोर म्हणालो."

कृष्णातला शिव्या चालल्या असत्या. हे मात्र ऐकवेना.

बाळासो उठला. "सकाळची गाडी हाय पणजीची. तुम्ही बी चला. मी एकट्यानं सांगून भागायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी तिघं निघाली. गडहिंग्लज गेलं, आंबोली उतरली; कृष्णात गिटार मांडीवर घेऊन बसला होता, कुणाला धक्का लागू देत नव्हता. दुपारी म्हापशात उतरली.

पेद्रू गल्ल्यावर बसला होता. ऐंशीच्या घरातला, वाळलेला. त्यानं बाळासोला ओळखलं आणि मान फिरवून सुट्टे पैसे लावत बसला. कृष्णात पुढं झाला, गिटार टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मी कृष्णात सुतार. कोल्हापूरचा. हिला स्टीलच्या तारा घातल्या त्या मी. चूक माझी हाय."

म्हाताऱ्यानं गिटार जवळ ओढली. पहिल्या तारेवरनं अंगठ्याचं नख फिरवलं. नायलॉन. घोडीच्या कडेनं बोट फिरवून सांधा तपासला. मग कृष्णातला विचारलं, "आता विचारून घालतोस मरे?"

"व्हय."

"बरें." तुझं झालं, बाजूला हो, अशी त्यानं मान हलवली. आणि बाळासोकडं बघितलं. "हांवें तुका सांगिल्लें. ह्याची चूक तारेची. त्याला ठाऊक नव्हतं. तुझी कसली? तू मला वीस वर्षं ओळखत होतास."

बाळासो गल्ल्यासमोर उभा होता, टोपी हातात. हॉटेलात तेव्हाही चार लोक जेवत होते. त्यांच्यासमोर अठ्ठावन्न वर्षांचा माणूस म्हणाला, "लबाड म्हणालो तुला. चुकलो," आणि त्याला रडू फुटलं.

पेद्रूनं त्याला रडू दिलं. थांब म्हणाला नाही, जवळ घेतलं नाही. मग गल्ल्याशेजारची खुर्ची पायानं बाहेर ढकलली. जेवायला बाळासो तिथंच बसायचा.

"बस," पेद्रू म्हणाला. "काजू हाडले?"

बाळासोनं डोळे पुसले आणि मान हलवली. आणले नव्हते. कृष्णातनं खांद्यावरची काजूची पिशवी काढून गल्ल्यावर ठेवली. गेल्या दिवाळीला बाळासोनंच दिलेली, अजून न सोडलेली. आक्काताईनं सकाळी त्याच्या हातात दिली होती.